पाणी जाईल तिकडे: श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातून

श्रीलंकेचे प्रांत नऊ, जिल्हे पंचवीस. कुठल्याही प्रांताची माहिती काढायला बसा, हाती दोन याद्या येतात. एकीत धबधबे, अभयारण्यं, समुद्रकिनारे. दुसरीत स्तूप, लेणी, राजवाडे. ताईने आणि मी उत्तर-मध्य प्रांत आणि त्याला लागून असलेला मध्य प्रांतातला मातले जिल्हा एवढाच भाग निवडला होता. तिला अनुराधापूरला बोधिवृक्षाच्या दर्शनाला जायचं होतं. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे मला तिथले प्राचीन तलाव बघायचे होते. वहीत दोन रकाने पाडून आम्ही ठिकाणं लिहायला घेतली आणि मिन्नेरियाशी अडलो. ते राष्ट्रीय उद्यान आहे, हत्तींसाठी जगभर नावाजलेलं, म्हणजे निसर्गाच्या रकान्यात. पण हत्ती ज्या पाण्यावर येतात तो तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला. मग तो इतिहास की निसर्ग? सिगिरियाचंही तेच. कातळ निसर्गाचा, वरचा राजवाडा माणसाचा.

ताई म्हणाली, "अगं, तू पाण्याची माणूस. पाणी जसं जातं तसं जाऊ या की." आणि तसंच ठरलं. कलावेव या तलावापासून सुरुवात, तिथून निघणाऱ्या कालव्याच्या कडेने अनुराधापूर, मग सिगिरिया, मिन्नेरिया आणि शेवटी पोलोन्नरुव ही जुनी राजधानी.

हा भाग असा का आहे ते आधी सांगायला हवं. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला मे ते सप्टेंबर आपल्याकडच्यासारखाच मोसमी पाऊस पडतो. मधले डोंगर तो अडवतात आणि पलीकडच्या सपाटीवर कोरडा वारा तेवढा पोचतो. उत्तर-मध्य प्रांताचा खरा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. उरलेले महिने काढायचे ते साठवलेल्या पाण्यावर. म्हणून तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ तलाव बांधले, लहानमोठे मिळून हजारोंनी. आपल्याकडे धो धो पाऊस असताना तिकडे लख्ख ऊन असतं, त्यामुळे ऑगस्टचा शेवट आम्हाला सोयीचा पडला. हत्तींचाही तोच हंगाम.

प्रवासापूर्वीची परवानगी ऑनलाइन काढता येते, त्यात वेळ घालवत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. सिगिरिया, पोलोन्नरुव अशा ठिकाणी परदेशी पर्यटकांचं तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तो खोलीवर ठेवून निघू नका. विहारांत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, तेही शक्यतो पांढरे. चप्पल, टोपी बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. दुपारी दगडी फरशी इतकी तापते की पायमोजे असलेले बरे.

केकिरावा हे रस्त्यावरचं छोटं गाव. तिथून तीनचाकी ठरवली. चालक पन्नाशीचा, स्वतः शेतकरी, हंगाम नसला की गाडी चालवणारा. ताईला तो 'अक्का' म्हणू लागला आणि दुपारपर्यंत मीही धाकटी अक्का झाले. मी तलावांची चौकशी करतेय म्हटल्यावर त्याची कळी खुलली. त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या हातवाऱ्यांत आमचं छान जमलं.

कलावेव बांधला धातुसेन राजाने, पाचव्या शतकात. भरावावरून रस्ता जातो. काठाने अर्जुनसादड्याची जुनी, जाडजूड झाडं, त्यांची मुळं पाण्यापर्यंत उतरलेली. एका बाजूला नजर पोचणार नाही एवढं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भातखाचरं. मी भरावाचा उतार, पाण्याकडची दगडांची लावणी बघत चालत होते. मध्ये शतकानुशतकं हा तलाव फुटून पडला होता, १८८७ च्या सुमारास इंग्रज सरकारने तो दुरुस्त केला. पण जागा तीच, रेषा तीच.

या जुन्या तलावांतून पाणी सोडण्याची व्यवस्था मला आधीपासून बघायची होती. तिला बिसोकोटुव म्हणतात. भरावाच्या आत, मोरीच्या वाटेवर, दगडांनी बांधलेली चौकोनी विहीर. तलावातलं पाणी आधी तिच्यात येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते मोरीतून पलीकडे निघतं. एवढ्या उंचीचं पाणी सरळ मोरीत घेतलं तर मोरी फोडून भराव घेऊन जाईल, हे त्यांना नेमकं कळलेलं होतं. आमच्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांना तुडूम असतं, पाळीतून पाणी काढायची सोय. ती बघत मी मोठी झाले. पण तुडूम जेवढ्या पाण्याला पुरतं त्याच्या कितीतरी पट पाणी इथे राजांनी हाताळलं होतं.

भरावावर थांबूनच चालकाने धातुसेनाची गोष्ट सांगितली. ती तिथल्या बखरीत आहे आणि शाळकरी पोरालाही पाठ असते. मुलगा काश्यप याने राज्य बळकावलं आणि बापाला विचारलं, तुझा खजिना कुठे आहे? धातुसेनाने मला कलावेवला घेऊन चला म्हणून सांगितलं. तो पाण्यात उतरला, अंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी दौलत ती हीच. चिडलेल्या काश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं. हे साल इ.स. ४७३. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खात्यातल्या आमच्या जुन्या साहेबांची आठवण झाली. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ते कालव्याची पाहणी करून आले होते.

कलावेवहून निघतो तो कालवा म्हणजे जयगंगा, ज्याला योद एळ असंही म्हणतात. लांबी ८७ किलोमीटर, शेवट अनुराधापूरच्या तिस्सवेवमध्ये. पहिल्या सतरा मैलांत त्याचा उतार मैलाला फक्त सहा इंच आहे, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ सेंटिमीटर. मी आयुष्यभर डंपी लेव्हल लावून पाटाची आखणी केली आहे. एवढा सपाट पाट आजच्या उपकरणांनी काढायचा तरी माणूस दहा वेळा तपासणी करेल. त्यांनी तो कशाने साधला याचा विचार करत मी त्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी इतकं सावकाश जातं की वाळकं पान टाकून बघितल्याशिवाय ते चाललंय हे कळत नाही. मी पान टाकलं. ते निघालं.

दुसरी गोष्ट त्याहून शहाणपणाची वाटली. जयगंगेला बांध एकाच बाजूला आहे, खालच्या बाजूला. वरच्या बाजूला जमीन जशी चढत जाते तशीच मोकळी सोडलेली. त्यामुळे पावसात वरच्या रानातून वाहून येणारं पाणी कालव्यातच येतं आणि वाटेतले गावतलाव भरत कालवा पुढे जातो. आम्ही पाटाला दोन्हीकडून भराव घालून, अस्तरीकरण करून त्याला जमिनीपासून तोडतो. इथे कालवा कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो हे सांगता येत नव्हतं. एका वळणावर बायका कपडे धूत होत्या, एक पोरगा मोटारसायकल धुवायला आणून पाण्यातच बसला होता, आणि पलीकडच्या उथळ कडेला बगळे उभे होते.

गावतलावांची साखळी असते. वरच्या तलावाचा सांडवा आणि शेतातून निथळलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खाली. या साखळीला एल्लंगाव म्हणतात आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखलेला असतो, वारा अडवायला. त्याच्या आसपास गवताचा पट्टा, गाळ गाळून घ्यायला. चालकाने आपल्या गावचा तलाव दाखवला. हंगामाच्या तोंडावर सगळे शेतकरी आणि अधिकारी बसून पेरणीच्या आणि पाणी सोडायच्या तारखा ठरवतात. आणि पाणी कमी असलं तर? तेव्हा बेत्म. म्हणजे तलावाजवळची, पाणी पोचेल तेवढीच जमीन पिकवायची आणि ती त्या हंगामापुरती सगळ्यांत वाटून घ्यायची, मालक कुणीही असो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही म्हणून चाललेली भांडणं मी वर्षानुवर्षं ऐकली आहेत. बेत्मचा अर्थ कळल्यावर मी त्याला तो दोनदा समजावून सांगायला लावला, आणि तो दुसऱ्यांदा सांगताना मी लिहून घेतलं.

कलावेवपासून जवळच अवुकनची बुद्धमूर्ती आहे, एकाच कातळातून कोरलेली, बारा मीटरांहून उंच. चिवराच्या चुण्या इतक्या बारीक की अंगाला चिकटलेलं ओलं कापड वाटावं. मूर्तीच्या नाकाच्या शेंड्यावरून पडलेला पावसाचा थेंब बरोबर दोन पावलांच्या मध्ये पडतो, असं सांगतात. पाऊस नव्हता, पण ताई मान वर करून बराच वेळ ती रेषा मोजत उभी राहिली.

अनुराधापुरात आम्ही आधी तिस्सवेवच्या काठावर गेलो, कारण जयगंगा तिथे येऊन मिळते. संध्याकाळी सगळं गाव अंघोळीला आलेलं. पलीकडे झाडांच्या वर स्तूपांची पांढरी टोकं. हे शहर हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी राहिलं ते या पाण्यामुळे. अभयगिरी विहारातली कुट्टम पोकुण ही जुळी पुष्करणी बघायला बहुतेक जण पाच मिनिटं थांबतात. मी तासभर होते. पाणी सरळ कुंडात येत नाही. आधी लहान दगडी टाक्यांतून फिरतं, तिथे गाळ खाली बसतो, मग निवळलेलं पाणी मकरमुखातून कुंडात पडतं. भिक्खूंच्या अंघोळीचं पाणी, पण त्यासाठी केवढी काळजी!

जेतवनाराम स्तूप महासेनाचाच, मिन्नेरिया बांधणाऱ्याचा. मूळ उंची १२२ मीटर. प्राचीन जगात गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर याहून उंच बांधकाम नव्हतं. आता ७१ मीटर उरला आहे आणि तरीही खाली उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. सगळा विटांचा.

बोधिवृक्षाबद्दल ताईने लिहावं, मी थोडंच लिहिते. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून फांदी आणली आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात ती इथे लावली गेली. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ नोंदलेल्या झाडांत हे जगातलं सर्वांत जुनं मानतात. मोठं, उंच झाड मनात धरून जाऊ नका. जुना वृक्ष उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड आहे आणि त्याच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. पांढऱ्या कपड्यातली माणसं निळी कमळं घेऊन येतात आणि वाळूवर बसून राहतात. आम्ही नागपूरच्या. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडापासून आणलेला, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी. ताई लहानपणापासून दर दसऱ्याला तिथे जाते. इथे ती बसली तेव्हा मी तिला उठवायला गेले नाही. शेजारच्या एका आजीने तिच्या हातात दोन कमळं दिली आणि पाकळ्या कशा उलगडायच्या ते करून दाखवलं. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला बौद्ध परिषदेला आले होते, हे ताईने त्यांना मराठीतच सांगितलं. आजींनी 'आंबेडकर' एवढं ओळखलं आणि हात जोडले.

दांबुल्लाची लेणी वाटेत केली. पाच गुहा, छतभर चित्रं. दुसऱ्या गुहेत छतातून थेंब थेंब पाणी ठिबकतं आणि ते खाली भांड्यात धरून पूजेला वापरतात. वरच्या कातळावर उन्हाळ्यासारखं ऊन होतं, आत ठिबक चालूच होती.

सिगिरिया ही काश्यपाची जागा. बापाला मारल्यावर अनुराधापुरात राहणं त्याला जमेना, म्हणून त्याने रानातल्या या कातळावर राजधानी केली. कातळ भोवतालच्या जमिनीपासून जवळपास १८० मीटर सरळ उभा आहे. सकाळी दार उघडताच आत शिरा. उशीर झाला तर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावी लागते. बहुतेक लोक पायथ्याची बाग झपाझप ओलांडून जिन्याकडे धावतात. मी ताईला पुढे बाकावर बसवलं आणि बागेतच फिरले. मधला रस्ता धरून दोन्ही बाजूंना सारखेच हौद, जमिनीखालून नळ, आणि दगडी चकत्यांना भोकं पाडून केलेली कारंजी. ऑगस्टमध्ये ती कोरडी होती. पावसाळ्यात हौद भरले की अजून उडतात. पाण्याच्या दाबाखेरीज त्यांना चालवणारं दुसरं काही नाही. पाणी हीच माझी दौलत म्हणणाऱ्या बापाला ज्याने मारलं, त्याने स्वतःची सगळी हौस पाण्यातच पुरवली होती.

वर चढताना बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चक्री लोखंडी जिन्याने त्या प्रसिद्ध स्त्रीचित्रांपाशी जाता येतं. फोटोला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे माणसं निदान डोळ्यांनी बघतात. खाली आरसभिंत. इतका गुळगुळीत गिलावा की एकेकाळी प्रतिबिंब दिसे. शहर ओस पडल्यावर शतकानुशतकं जे लोक बघायला आले त्यांनी या भिंतीवर कविता कोरल्या, बहुतेक त्या चित्रांतल्या बायकांना उद्देशून. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे हजारबाराशे वर्षांपूर्वीही इथे पर्यटक येत होते.

सिंहाच्या दोन प्रचंड पंजांपाशी ताई थांबली. तिचे गुडघे बोलायला लागले होते. "तू जा वर, मी वाऱ्याला बसते." तिथे गांधीलमाश्यांची सूचना लावलेली आहे, ती मनावर घ्या, मोठ्याने बोलू नका. माथ्यावर राजवाड्याचे चौथरे उरले आहेत आणि कातळात खोदलेलं एक मोठं टाकं. भर कोरड्या हंगामात त्यात हिरवं पाणी होतं. काश्यपाचा भाऊ मोग्गल्लान इ.स. ४९५ मध्ये भारतातून सैन्य घेऊन परतला तेव्हा काश्यप हा कडा सोडून मैदानात लढायला उतरला. त्याचा हत्ती पुढे दलदल लागली म्हणून वळला, सैन्याला वाटलं राजा पळाला, आणि सगळे पांगले. काश्यपाने स्वतःचा गळा चिरला. राजधानी पुन्हा अनुराधापूरला गेली, कातळ भिक्खूंना मिळाला.

मिन्नेरियाला जीप दुपारी निघते. कोरड्या हंगामात तलावाचं पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं. आपल्याकडे लोक अशा जमिनीत गाळपेर करतात; इथे ती हत्तींची. आसपासच्या जंगलांतून कळप येतात, चांगल्या वर्षी दोन-तीनशेपर्यंत. इतके आशियाई हत्ती एका जागी जंगली अवस्थेत इतरत्र क्वचितच दिसतात. आम्हाला लांबवर करडे ठिपके दिसू लागले ते संपेचनात. आमच्यासमोर एक हत्तीण होती. ती पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुबका खरडून सैल करी, सोंडेने उचली, पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडी आणि मगच तोंडात घाली. तिचं पिल्लू तिचा पाय सोडायला तयार नव्हतं. चालकांना सांगावं लागतं की जवळ नेऊ नका, लांबूनच दिसतंय. प्रत्येकाने सांगितलं तर फरक पडतो.

पण इथे एक दुखणं आहे आणि माझ्या खात्याचीच माणसं ते समजू शकतील. वरच्या अंगाला मोरगहकंद धरण २०१८ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी कोरड्या महिन्यांतही मिन्नेरियात सोडलं की तलाव भरलेला राहतो, तळ उघडा पडत नाही, गवत येत नाही आणि हत्ती उपाशी शेतांकडे वळतात. शेतकऱ्याला पाणी हवं, हत्तीला पाणी ओसरायला हवं. पाणी कधी सोडायचं याचं वेळापत्रक हत्तींचाही विचार करून आखणं अवघड नाही, बैठकीत कुणीतरी ते बोलायला मात्र हवं. महासेनाला तिथले लोक मिन्नेरियाचा देव म्हणून पुजतात. तलाव बांधणाऱ्याचं देऊळ असलेली जागा मी पहिल्यांदाच बघितली.

पोलोन्नरुवला सायकली भाड्याने घेतल्या. जमीन सपाट, सावली भरपूर. इथला मोठा राजा पराक्रमबाहू पहिला, इ.स. ११५३ ते ११८६. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाऊ नये, हे त्याचं म्हणणं बखरीत नोंदलेलं आहे. त्याने जुने तलाव जोडून केलेला पराक्रम समुद्र आम्ही भरावावरून सायकलने जमेल तेवढा पाहिला. भराव जवळपास चौदा किलोमीटर, सगळा होणार नव्हताच. पोतगुल विहाराशी कातळात कोरलेला एक दाढीवाला पुरुष उभा आहे, हातात काहीतरी आडवं धरलेलं. कुणी म्हणतं ग्रंथ, कुणी म्हणतं जू. हा पराक्रमबाहूच, असं लोक मानतात. गल विहारात एकाच कातळात बैठे, उभे आणि चौदा मीटर लांब पहुडलेले बुद्ध आहेत. पहुडलेल्या मूर्तीच्या डोक्याखालची उशी दगडाची, पण भाराने दबल्यासारखी कोरली आहे. कातळातले रंगांचे पट्टे चिवरावरून पाण्यासारखे वाहत गेलेले दिसतात.

जेवण कुठेही भात आणि चार-पाच भाज्या. तलावातला तळलेला मासा आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वर माडासारख्या कितुल झाडाचा काकवीसारखा पाक. ते दही मात्र चुकवू नका.

या वाटेने जायचं असेल तर मुक्काम हबरणला ठेवा, सगळं टप्प्यात येतं. रात्री तिथल्या रस्त्यांवर हत्ती उतरतात, अंधार पडल्यावर तीनचाकीने फिरू नका. अनुराधापूरसाठी पौर्णिमा निवडली तर प्रचंड गर्दी असते, पण ताईसारख्यांनी तीच निवडावी. आमचा उत्तर प्रांत राहिला. मन्नारजवळही असाच एक जुना, मोठा तलाव आहे, योदवेव. ताईने वहीत तो लिहून ठेवला आहे, यावेळी रकाना न पाडता.